बिनकुलपाची खोली

४ जानेवारी, रविवार

मोजपट्टीबाईंनी सांगितलं म्हणून लिहितोय, नाहीतर रोजनिशी लिहिणारा माणूस मी नव्हे. या बाई म्हणजे दत्तक देणाऱ्या संस्थेच्या समाजसेविका. घर बघायला आल्या तेव्हा पिशवीतून टेप काढून त्यांनी खिडक्यांची उंची, कठड्याच्या गजांमधलं अंतर, शेगडी ओट्याच्या काठापासून किती आत आहे, सगळं मोजलं. मला मोजायचं तेवढं राहिलं. जाताना म्हणाल्या, "वाट बघणं लांबतं हो. दोघांनी वेगवेगळं लिहीत जा. मी वाचायला मागणार नाही." हिने दुसऱ्याच दिवशी फुलाफुलांची वही आणली. माझी ही दुकानातली, कोपऱ्याला तेल लागलेली.

मी कुलूप-किल्लीवाला. ही पडदे शिवते. एक जण लोकांची दारं बंद करतो, दुसरी त्यांच्या खिडक्या झाकते. अशा जोडप्याच्या हाती मूल द्यावं का, याचा संस्थेने जरूर विचार करावा.

आज चर्चमध्ये पाळकसाहेब ठोठावण्यावर बोलले. ठोठावत राहा, दार उघडेल म्हणे. ही डोळे मिटून ऐकत होती. माझ्या मनात आलं, या भल्या माणसाने एक दिवस माझा धंदा करून बघावा. ठोठावून दार उघडत नाही, तेव्हाच लोक मला बोलावतात. मग मला कुणी उघडलं नाही तर मी कुणाला बोलवायचं? डॉक्टर झाले, औषधं झाली, दोनदा आशा लागून गेली. हिचा विश्वास तसूभर हलला नाही. माझा हलायला मुळात होता कुठे? मी चर्चला जातो तो हिच्या शेजारची जागा रिकामी दिसू नये म्हणून. देवाला हे कळत असेल तर कळू दे.

१७ जानेवारी

मुलाच्या खोलीला कुलूप बसवलं. बाजारातलं नाही, हाताने केलेलं. पितळेचं, आतली एकेक पट्टी मी कानशीने घासून बसवली. किल्ली फिरवली तर आवाज होत नाही, फक्त बोटांना कळतं. आयुष्यात एवढं चांगलं काम मी केलेलं नाही.

हिला दाखवलं. म्हणाली, "अहो, सुंदर आहे. पण खोलीत अजून पलंगसुद्धा नाही."

मग पलंग खिडकीपाशी की भिंतीपाशी, यावरून आमचं वाजलं. बाजारात तुरी आणि आमची मारामारी.

२९ जानेवारी

मोजपट्टीबाई पुन्हा आल्या होत्या. कुलूप बघून म्हणाल्या, "हे काढावं लागेल."

मी म्हटलं, "बाई, हे कुणाच्या बापाला फुटायचं नाही. चोर आला तर..."

"चोर मुलांच्या खोलीत काय न्यायला येणार? कुलूप बाहेरून लागतं आणि आत मूल असतं. एवढंच बघते मी."

राग आला. कुलूप काढलं. दाराला भोक पडलं होतं, त्यात साधी मूठ आणि खटका बसवला, म्हणजे दार वाऱ्याने आपटायचं नाही. कुलूप दुकानात फडक्यात गुंडाळून ठेवलंय. ही म्हणाली, "रुसलात का?" मी कशाला रुसू?

१२ मार्च

फोटो आला!

चार वर्षांची. केस कुणीतरी वाकडे कापलेत. एक मोजा वर, एक घोट्यावर गोळा झालेला. हसत नाहीये, फोटो काढणाऱ्याकडे संशयाने बघतेय. कायदेशीर गोष्टी बाकी आहेत, महिना-दीड महिना लागेल, तोवर भेटायचं नाही. हिने फोटो आरशाच्या कडेला खोचलाय. मी दाढी करताना ती माझ्याकडे बघते आणि माझा हात बिचकतो. मी तिला फोटोवाली म्हणतो.

पलंग खिडकीपाशी. हीच जिंकली.

२० मार्च

हिचा घसा पार बसलाय. जेवायला बसल्यावर खुणेने म्हणाली, आज प्रार्थना तुम्ही करा. मी उगाच चमचा सरळ केला, पाणी प्यालो. मग म्हटलं, "हिच्या घशाला आराम पडू दे. त्या पोरीला तिचं घर लवकर मिळू दे. आमेन."

संपलं म्हणून डोळे उघडले तर हिच्या डोळ्यांत पाणी. घसा दुखत असणार.

९ एप्रिल

पोरीची मावशी सापडली. सख्खी. कामासाठी लांब गेली होती, बहीण गेल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. कळल्यावर धावत आली. पोर तिच्या मांडीवरून उतरायला तयार नाही म्हणे. मोजपट्टीबाई हे सांगायला स्वतः घरी आल्या, फोनवर उरकलं नाही, हे मान्य. त्यांनी आज काहीही मोजलं नाही.

म्हणजे माझी प्रार्थना ऐकली गेली. पोरीला तिचं घर मिळालं. गिऱ्हाईक मागेल तेवढंच द्यायचं, ही पद्धत माझ्या दुकानातही आहे.

हिने फोटो आरशावरून काढला, पदराने पुसला आणि पवित्र शास्त्रात ठेवला. मला तेही बघवलं नाही. मी दुकानात जाऊन कोऱ्या किल्ल्या विनाकारण घासत बसलो.

१९ एप्रिल, रविवार

चर्चला गेलो नाही. हीही "चला" म्हणाली नाही. एकटी गेली. दुकान उघडलं, गिऱ्हाईक नाही.

३ मे, रविवार

आजही दुकानात. शटर अर्धं ओढून पाव-अंडं खात होतो तर कुणीतरी ठकठक केलं. "कोण?" म्हटलं. "पाळक. चर्चमधून आलोय. जरा काम होतं." एवढी सगळी माहिती. परक्या माणसाला 'कोण' विचारलं की तो नाव सांगतो, हुद्दा सांगतो, काम सांगतो. घरचं माणूस नुसतं 'मी' म्हणतं. ही डबा घेऊन येते तेव्हा एवढंच म्हणते आणि मी शटर वर करतो.

मी प्रवचनाची तयारी ठेवली होती. पण त्यांनी पिशवीतून कुलूप काढलं. चर्चमधल्या त्यांच्या खोलीचं. "अडकतंय," म्हणाले. मी उघडलं, लावलं, उघडलं. लोण्यासारखं चालत होतं. तरी तेल घातलं. ते स्टुलावर बसून राहिले. शेवटी मीच विचारलं, "पाळकसाहेब, ठोठावून दार उघडलं नाही तर काय करायचं, ते तुम्ही सांगितलंच नाहीत त्या दिवशी."

त्यांनी कुलूप परत पिशवीत ठेवलं. म्हणाले, "मला माहीत असतं तर सांगितलं असतं. माझी बायको गेली त्या वर्षी मीही दारावर लाथा मारत होतो."

"उघडलं?"

"नाही. पण आत कुणीतरी आहे असं वाटत राहिलं. रिकाम्या घराच्या दारावर माणूस इतका वेळ लाथा मारत नाही."

चहा पाजला. शिकलेला माणूस, पण साधं कुलूप फिरवता येत नाही.

१७ मे

पाळकसाहेब परत तेच कुलूप घेऊन. परत काही झालेलं नाही. त्यांच्या हातातच दोष आहे.

६ जून

धंदा वाढलाय. चर्चमधल्या लोकांनी किल्ल्या हरवायचा सपाटाच लावलाय. गायनमंडळीतल्या दोन बाया एकाच दिवशी येऊन डुप्लिकेट करून घेऊन गेल्या. बाजा वाजवणारे काका तर स्वतःच्या पेटीची किल्ली करायला आले, आणि किल्ली होईपर्यंत हरवलेली खिशातच सापडली. तरी बसले तासभर. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं वाटलं." कसलं बरं वाटलं? हिला सांगितलं तर ती इतकी हसली की हातातली सुई टोचून घेतली. यात हसण्यासारखं काय ते सांगेना.

२१ जून

ती हसली, ते वर लिहिलं. आजचं लिहायला जड जातंय.

पडद्याचं कापड मांडीवर घेऊन ही नुसतीच बसली होती. म्हणाली, "अहो, मला आता प्रार्थना होत नाही. तोंड उघडते आणि शब्दच येत नाहीत. इतकी वर्षं मीच करत आले. दमले मी."

मी घाबरलो. खरंच घाबरलो. घराचा मुख्य खांब हलावा तसं झालं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "तू थांब थोडी. तुझ्या वाटचं मी बघतो."

काय बघणार मी? जिच्याकडे रांजणभर होतं ती कोरडी पडली आणि हा वाटीवाला निघाला पाणी पाजायला. पण बोललो ते बोललो. जेवताना म्हटलं, "हिला बरं वाटू दे. आम्हांला मूल हवंय. आमचं घर, आमच्याकडे, हे नीट ऐकून घ्यावं." मग आठवलं, तेव्हा घाईघाईने जोडलं, "आणि त्या फोटोवालीच्या मावशीच्या दाराला बरं कुलूप असू दे." ही डोळे मिटूनच किंचित हसली.

१४ जुलै

रोज जेवणाआधी मीच. प्रार्थना म्हणवत नाही त्याला, तक्रारवही म्हणा. फोटोवालीचं मात्र रोज निघतं. तिचा मोजा. तिच्या मावशीची नोकरी. पोरगी आमची नाही, होणारही नाही, तिच्यासाठी मी कशाला जीव पाखडतोय कळत नाही. सवय लागली, दुसरं काय.

रविवारी चर्चला गेलो. ही एकटी बसते ते बरं दिसत नाही.

२२ ऑगस्ट

मोजपट्टीबाईंचा फोन. एक मुलगी आहे. सहा वर्षांची. म्हणाल्या, "लहान मूल मागणारे खूप असतात. ही मोठी आहे. आधीच्या घरी मोठी माणसं कामाला गेली की हिला खोलीत कोंडून जायची, कधी कधी दिवसभर. बंद दाराला भिते. शांत आहे, पण सोपी नाही. विचार करा."

दुधाने पोळलेलं तोंड आमचं. आम्ही ताकालाही फुंकर घालत बसलो. ही दिवसभर एकच शिवण घालत आणि उसवत बसली. संध्याकाळी म्हणाली, "मला भीती वाटते." मी म्हटलं, "मलाही." मग ती म्हणाली, "पण आपण दोघं घाबरलेले आणि तीही घाबरलेली. जमेल की." त्यानंतर तीच म्हणाली, "आज प्रार्थना मी करते." तीन वाक्यं केली. फार दिवसांनी ऐकली.

या वेळी फोटो मागवला नाही आम्ही.

६ सप्टेंबर, रविवार

बालगृहात भेट. पोरगी आली ती आमच्याकडे न बघता थेट भेटीच्या खोलीच्या दाराकडे गेली. मूठ फिरवली, उघडलं, लावलं, परत उघडलं आणि उघडंच ठेवून त्याच्या समोर बसली. मी मनात म्हटलं, बाई, तू तर माझ्याच धंद्यातली. नाव ठेवलं, इन्स्पेक्टरीणबाई.

हिने रंगीत कापडाचे तुकडे नेले होते. ते तिने रंगाप्रमाणे लावले. माझ्याशी एकच वाक्य बोलली. "तुम्ही कुलूपवाले ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर ती हिच्या बाजूला सरकली.

२६ सप्टेंबर

आज ती पहिल्यांदा घर बघायला आली, मोजपट्टीबाईंबरोबर. सगळ्या दारांची तपासणी झाली. मग आपल्या खोलीत गेली, खिडकीपाशी पलंग आहे म्हणून त्यावर चढून बाहेर बघायला लागली. एवढ्यात वाऱ्याने दार लोटलं गेलं, आणि टक्.

खटका. मी बसवलेला.

मी जिन्यातच होतो. आरडाओरड नाही, रडणं नाही, काहीच आवाज येईना, म्हणून जास्त भीती वाटली. दार उघडलं तर ती दाराला तोंड लावून, हात बाजूला सोडून उभी. हाताशी मूठ होती, फिरवली असती तर उघडलं असतं. तिने हात उचललाच नव्हता. बंद दाराशी कसं उभं राहायचं हे ती शिकलेली होती.

मला मोजपट्टीबाईंनी सांगितलं होतं, बंद दाराला भिते. मी म्हटलं होतं, कुलूप तर कधीच काढलंय. कुलूपवाल्याच्या लेखी खटका म्हणजे कुलूप नव्हे. सहा वर्षांच्या पोरीच्या लेखी तो कुलूपच असतो, हे मला सुचायला हवं होतं.

ती बाईंचा हात धरून निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

२७ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेलो नाही, पण रागाने नाही. पान्हा आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पोरीच्या खोलीचं दार बिजागरीतून उतरवलं. मग आमच्या खोलीचं. मग स्वयंपाकघराचं. ही चर्चहून आली आणि भिंतीला टेकलेली दारं बघून म्हणाली, "अहो, न्हाणीघराचं तेवढं राहू द्या."

शेवटच्या बिजागऱ्या हातात घेऊन जमिनीवर बसलो होतो, तेव्हा रडू आलं. मोठ्याने म्हटलं, ऐकतोस का? वर्षभर तुझ्या दाराशी आलो तो भांडत आलो, तरी आलो. ती पोरगी दाराशी उभी राहते आणि ठोठावतसुद्धा नाही. तिला वाटतच नाही की कुणी उघडेल. आम्हांला देऊ नकोस हवं तर. पण तिला एकदा तरी ठोठावता येऊ दे.

ही मागे उभी होती ते मला ठाऊक नव्हतं.

१० ऑक्टोबर

ती परत येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. चौकटीत उभी राहून बिजागरीच्या खुणांवरून तिने बोट फिरवलं.

"दार कुठे गेलं?"

"दुकानात."

"परत आणणार?"

"तू सांगशील तेव्हा. नाही सांगितलंस तर नाही."

तिने स्वयंपाकघर पाहिलं, आमची खोली पाहिली. "तुमचंपण नाही?" म्हणाली. मग पलंगावर जाऊन बसली.

जेवणाआधी हिने प्रार्थना केली, मी फोटोवालीचं जोडलं. पोरीने विचारलं, "फोटोवाली कोण?" मी सांगितलं, एक मुलगी आहे, आमच्याकडे येणार होती, तिच्या मावशीकडे गेली. ती विचार करून म्हणाली, "ती आली नाही तरी तिचं नाव घेता?" हो म्हटलं. "रोज?" रोज, म्हटलं. मग तिने सूप संपवलं.

२४ ऑक्टोबर

तिला दुकान दाखवलं. हातकानस दिली. घराच्या बाहेरच्या दाराची एक किल्ली आम्ही दोघांनी मिळून केली. शेवटचे दात तिनेच घासले, जीभ बाहेर काढून. फडक्यात गुंडाळलेलं पितळी कुलूप तिला सापडलं. "हे कशाचं?" म्हणाली. मी म्हटलं, "चुकून केलं होतं."

"आणि आत्ता केली ती किल्ली कोणाची?"

"तुझी."

"परत घेणार?"

"नाही. कुलूप बदललं तर नवी देईन."

पाळकसाहेब तेवढ्यात आले. आज कुलूप आणलं नव्हतं. मी म्हटलं, सुधारलं वाटतं. ते म्हणाले, "हो, आता चालतंय."

१४ नोव्हेंबर

आली. राहायला. कायद्याचं सगळं व्हायला अजून वेळ आहे, पण बॅग आली, चपला आल्या, कापडाचे तुकडे आले. ही सकाळपासून तीन वेळा तीच चादर बदलतेय. पोरगी आम्हांला काही म्हणत नाही. आई नाही, बाबा नाही. हिला "ओ" आणि मला "ओ कुलूपवाले". चालेल.

१५ नोव्हेंबर, रविवार

चर्चहून आलो. लोकांनी तिला घेरलं नाही, फक्त बाजावाल्या काकांनी लांबून हात केला. घरी आल्यावर ती म्हणाली, मी बाहेर जाते. किल्ली गळ्यात होती. गेली, दार ओढून घेतलं. मी आतून ऐकत उभा. आता किल्ली फिरेल, मग फिरेल. काहीच नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती हात सोडून उभी असलेली दिसायला लागली. मूठ धरली मी, आणि ही मागून हळूच म्हणाली, "थांबा."

मग ठकठक झालं. अगदी बारीक.

मी म्हटलं, "कोण?"

"मी."

नुसतं मी. मला मूठ फिरवायला वेळ लागला. उघडलं तर ती उभी, किल्ली मुठीत घट्ट.

"अगं, किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मग?"

"बघत होते, उघडता का."

आत आली, पाणी प्याली, परत बाहेर गेली. परत ठकठक. कोण, मी, उघडलं. जेवण गार झालं, हिने दोनदा गरम केलं. वर्षभर मीही दुसरं काय करत होतो? चिडून, लाथा मारून, फोटोवालीचं निमित्त करून. कुणीतरी आत उठून बसलं असणार प्रत्येक वेळी. तू कंटाळला नाहीस, मी कशाला कंटाळू?

परत वाजतंय. उठतो.